लॉफ्टी मॅडम

लॉफ्टी मॅडमचा हात फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत कधी पोचला नाही. त्यांचं सगळं इंग्रजी फळ्याच्या खालच्या अर्ध्यात मावायचं, वरचा अर्धा कोरा. आणि त्या खालच्या अर्ध्यात त्यांना सगळ्यांत आवडीनं काय लिहावंसं वाटे, तर उंची आणि भव्यता सांगणारे शब्द! टॉल, हाय, लॉफ्टी, टॉवरिंग, मॅजेस्टिक. पोरांनी नाव ठेवलं ते त्यावरूनच. कुणीतरी चहाडी केली तर मॅडम हसल्या. म्हणाल्या, "लॉफ्टी डोंगराले म्हणते, विचाराले म्हणते. मले म्हणून राहिले तर मी काहून नाही म्हणू?"

रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. लग्न होऊन अकोल्याकडून रायपूरला आल्या. यजमान रेल्वेत होते, ते अकाली गेले, तेव्हा लहानग्या मुलाला वाढवता वाढवता मॅडमनी पुढच्या खोलीत शिकवणी सुरू केली. बहुतेक पोरं हिंदी बोलणारी. आम्ही मराठी घरातलेही उत्तर हिंदीतच द्यायचो. मॅडम तिन्ही भाषांत रागवायच्या.

"माणूस टॉल, झाड टॉल, डोंगर हाय," त्या सांगायच्या. "माणसाले हाय म्हटलं, तर त्यानं घेतलेली आहे असा अर्थ होते." मोठे शब्द उधळलेले त्यांना खपत नसत. एकानं निबंधात समोशाला मॅग्निफिसंट म्हटलं, तर म्हणाल्या, "आता ताजमहालासाठी काय ठेवलं बेटा तू?"

एका संध्याकाळी त्यांनी आख्खा वर्ग तलावावर नेला. पाण्याच्या मध्यावरच्या, ध्यानाला बसलेल्या संन्याशाच्या प्रचंड पुतळ्याकडे बोट करून विचारलं, "बोलो, कैसा है?" कुणी म्हणालं टॉल. "बैठा आदमी टॉल?" कुणी म्हणालं बिग. "बिग तो भैंस भी होती है." मग स्वतःच हळूच म्हणाल्या, "मॅजेस्टिक. जे बसलं तरी लहान होत नाही ते."

मी तेव्हा मागे उभी होते, नेहमीसारखी खांदे पाडून. आठवीतच मी वडिलांच्या उंचीला पोचले होते. गल्लीत पोरं 'ऊँट' म्हणून हाक मारायची, म्हणून मी वाकून चालायची सवय लावून घेतली होती. परतताना मॅडम माझ्याजवळ आल्या. "काहून वाकून चालून राहिली गं? कंबर दुखते?"

"सगळे हसतात मॅडम."

"त्यायच्याजवळ शब्द एकच आहे पोट्टे, म्हणून हसते. तुझा शब्द मी सांगतो. स्टेटली. उंच असून जे डौलानं उभं राहते ते. पण त्यासाठी आधी उभं राहावं लागते, हं!"

मी एकदम ताठ झाले असं नाही. आठवण झाली की खांदे सरळ करायची, विसरले की पुन्हा पाडायची. कॉलेज संपेपर्यंत हे असंच चाललं.

मग भिलाईहून मला बघायला पाहुणे आले. आईनं सपाट चपला घालायला लावल्या, "बसूनच राहा, उठू नको," असं बजावलं. शेजारधर्म म्हणून मॅडमनाही बोलावलं होतं. पण पोहे घेऊन मला यावंच लागलं, तेव्हा मुलाची मावशी म्हणाली, "पोरगी चांगली आहे हो, पण उंटासारखी वाढली."

आई खाली बघू लागली. मॅडमनी बशी खाली ठेवली. "उंटासारखी नाही, भारदस्त आहे. तुमच्या पोराले झेपत नसन तर तसं म्हणा, पोरीले नावं नका ठेवू."

स्थळ अर्थातच गेलं. आईनं मॅडमशी बोलणं टाकलं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की माझ्या उंचीत माझा काही गुन्हा नाही. पावसाळाभर दोन्ही घरांत अबोला होता. शेवटी दिवाळीला मॅडमच अनारशांचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तोंड माझं खराब, अनारसे चांगले आहेत." आई हसली आणि रडलीही.

पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले. लग्न केलं ते माझ्याहून बुटक्या, मोकळ्या मनाच्या माणसाशी. मांडवात मॅडमनी त्याला नीट न्याहाळलं आणि माझ्या कानात सांगितलं, "बरा आहे. मान वर करून बोलते तुझ्याशी."

वय झाल्यावर मुलानं त्यांना पुण्याला नेलं. वर्षभरात अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. मी भेटायला गेले तेव्हा मुलगा कामानिमित्त परदेशी अडकलेला, आणि पुण्यातच वाढलेली सून हताश झालेली. "एकच शब्द बोलतात हो, 'हव, हव'. उकडत असणार म्हणून पंखा जोरात ठेवते, खिडक्या उघडते, तरी चालूच."

मॅडम शालीत आक्रसून बसल्या होत्या. मी जवळ गेले. "मॅडम, ओळखलं मला?"

"हव."

"थंडी वाजते?"

"हव! हव!"

मी उठून पंखा बंद केला. सुनेला म्हटलं, "त्या हवा नाही मागत. आमच्या छत्तीसगढीत हो म्हणायला हव म्हणतात." सुनेनं खाली बसून सासूचे गार पाय पदरात घेतले.

इंग्रजी गेलं होतं, अकोल्याची बोली गेली होती. जिथं आयुष्य काढलं त्या गावाचा हा एवढा होकार तेवढा उरला होता. मी त्यांचा हात धरून बसले आणि जे कधी बोलायला जमलं नव्हतं ते सगळं बोलले. शेवटी म्हटलं, "मॅडम, तुम्ही होतात म्हणून मी आहे."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हात हलकेच दाबून म्हणाल्या, "हव."