सहीच्या आधी तीन जिने

सुतारकाकांचा मुलगा डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात कागद घेऊनच आला. महिन्याभरात काका तीनदा पडले होते. मोठ्या इस्पितळानं लिहून दिलं होतं, यांना वृद्धाश्रमात हलवावं. खाली घरच्या डॉक्टरची सही हवी होती.

"बाई, तुमची सही झाली की बाबा मुकाट्यानं जातील."

बाईंना तेच खटकलं. म्हातारी माणसं लेकरांचं ऐकत नाहीत, पण डॉक्टरचा शब्द म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. नव्या असताना त्यांनी एका आजीसाठी घाईत अशीच सही केली होती. त्या आजीला खरं तर फक्त नवा चष्मा हवा होता. तेव्हापासून घर बघितल्याशिवाय सही करायची नाही, असा त्यांचा नेम.

सकाळी सातला कुरकुरत्या गुडघ्यांनी तीन जिने चढून बाई काकांकडे पोचल्या. "चहा करा बघू," म्हणाल्या. काकांनी थेंब न सांडता चहा केला, आठवणीनं गॅस बंद केला. मग बाईंनी काकांना आधी आडवं करून, मग उभं करून त्यांचं ब्लडप्रेशर तपासलं. उभं राहताच ते धाडकन उतरलं. कपाटात ब्लडप्रेशरच्या एकाच औषधाच्या दोन नावांच्या गोळ्या निघाल्या, एक इस्पितळाची, एक बाईंची.

"दोन्ही घेता?"

"दोघंही डॉक्टरच. कुणाचा शब्द मोडू?"

बाई हसल्या, पण मनातून ओशाळल्या. गोळ्या दाखवा, असं त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं. एक गोळी बंद झाली, न्हाणीत धरायला दांडा बसला, आणि पडणं थांबलं.

दोन वर्षं काका घरी सुखात राहिले. मग विसरायला लागले. दोनदा गॅस चालू राहिला, एकदा आपलीच गल्ली सापडेना. अपराधी वाटून मुलगा वृद्धाश्रमाचा विषय काढत नव्हता. बाईंनीच त्याला बोलावलं.

"आता वेळ आली."

"पण मागे तुम्हीच नको म्हणालात."

"तेव्हा बघून म्हटलं, आताही बघूनच म्हणते."

दोन वृद्धाश्रम बाईंनी स्वतः पालथे घातले. त्यातला एक काकांनी निवडला. निघताना बाई म्हणाल्या, "राग आला असेल तर माझ्यावर काढा."

"आलाय," काका म्हणाले. "रविवारी या, मग काढतो."

त्या रविवारी बाई गेल्या. नंतरचे रविवारही त्यांनी सहसा चुकवले नाहीत.