टोकाच्या खोलीची घंटा

वृद्धाश्रमात तिला सगळे कॉइलबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. विशीत ती रेडिओच्या कारखान्यात कामाला होती. केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळून कॉइल बनवायची. कारखाना बंद पडल्यावर तिने लोकांचे पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या, त्यावर एकटीने मुलगी वाढवली, आणि ती मार्गी लागल्यावर वृद्धाश्रमात देखभालीचं काम धरलं. त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती. गळका नळ असो की रुसलेली लिफ्ट, हाक कॉइलबाईलाच.

दोन वर्षांपूर्वी तिथल्या घंटांच्या जुन्या वायरी काढून बिनतारी घंटा बसवल्या. प्रत्येक खोलीत तळहाताएवढा पांढरा डबा आणि राहणाऱ्याच्या गळ्यात दोरीला एक बटण. बटण दाबलं की खोलीतला डबा शेजारच्या डब्याला निरोप देणार, तो त्याच्या पुढच्याला, असं करत करत निरोप ऑफिसातल्या सिस्टरच्या टेबलावर पोचणार आणि तिथे दिवा लागणार. एकतीस डबे कॉइलबाईने स्वतःच्या हाताने बसवले होते. तीस नीट चालले. एकतिसावा होता अगदी टोकाच्या खोलीत, जुन्या इमारतीच्या दगडी भिंतीपलीकडे. ती भिंत हातभर जाड. तिथे चाचणीत तिने पाच वेळा बटण दाबलं, निरोप चार वेळा पोचला. त्या दिवशी अजून बरीच कामं पडली होती. तिने कागदावर लिहिलं, ठीक आहे.

टोकाच्या खोलीत शिंपीणआजी राहायच्या. वय ब्याऐंशी. पायांनी अर्धा संप पुकारलेला, पण नजर आणि बोटं शाबूत. आश्रमातल्या निम्म्या लोकांची बटणं त्यांनीच लावलेली. एके दुपारी जेवणानंतर कपाटाकडे जाताना त्या पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. त्यांनी बटण दाबलं. परत दाबलं. दोन तास दाबत राहिल्या. चहा घेऊन आलेल्या बाईला त्या जमिनीवर सापडल्या, तेव्हा अंगठा बटणावरच होता.

व्यवस्थापकांनी कंपनीला फोन लावला. मग कॉइलबाईला बोलावून घेतलं.

"ते म्हणतात भिंत जाड आहे, सिग्नल एवढाच येणार. आजींची खोली बदला म्हणतात."

"आजी काय म्हणाल्या?"

"मला उत्तरेचा उजेड लागतो म्हणाल्या. सुईत दोरा ओवायचा तर तीच खोली हवी. एकदम ठाम."

"साहेब, डब्याला बाहेरून अँटेना जोडून बघू का? आतला अँटेना भिंतीकडे तोंड करून बसलाय. बाहेरचा खिडकीवरच्या झरोक्यातून काढला, तर सिग्नल अंगणातून फिरून ऑफिसच्या डब्यापर्यंत जाईल. भिंतीशी डोकेफोड करायला नको."

"डबा उघडला तर कंपनी हात वर करेल, बाई."

"ते त्यांनी केलेलेच आहेत."

व्यवस्थापक हसले नाहीत, पण कपाटातून दोन जादा डबे काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवले.

पेन्सिलीएवढा अँटेना आला, वीतभर वायरीचा. वायर लांब घेतली तर सिग्नल वायरीतच जिरतो, हे कॉइलबाईला ठाऊक होतं. डबा उघडल्यावर आत मसुरीच्या दाण्याएवढं सॉकेट दिसलं. वायर त्यात टच् करून बसली. तिने बटण दाबलं आणि ऑफिसमध्ये फोन केला. दिवा लागला नव्हता. पाचदा दाबलं, एकदा लागला. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

दोन दिवस ती अँटेनाच्या नावाने बोटं मोडत होती. तिसऱ्या दिवशी भिंग लावून बसली, तेव्हा खरी गोम कळली. सर्किटवर सिग्नलच्या वाटेला दोन फाटे होते, एक आतल्या अँटेनाकडे जाणारा, एक सॉकेटकडे. रेझिस्टर नावाचा खसखशीएवढा एक सुटा भाग आतल्या फाट्यावर पुलासारखा बसला होता, आणि सिग्नल त्याच्यावरूनच जायचा. तो उचलून दुसऱ्या फाट्यावर बसवल्याशिवाय बाहेरचा अँटेना नुसता शोभेचा.

काम पाच मिनिटांचं. पण कॉइलबाईचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. कुणाला कळू नये म्हणून ती चहा अर्धा कपच घ्यायची आणि स्क्रू घट्ट करताना भिंतीला कोपर टेकवायची. तिने चिमटा धरला, श्वास रोखला आणि रेझिस्टरसकट खालचं तांबंच उपटून आलं. एक डबा बाद. हातात आता एकच उरला.

ती डबा, भिंग सगळं टोपलीत घालून शिंपीणआजींच्या खोलीत गेली. आजी पलंगावर पाय लांब करून कुणाच्या तरी स्वेटरला काज करत होत्या.

"आजी, त्या दिवशी घंटा वाजली नाही, तो दोष माझा होता," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "चाचणीत पाचातला एक निरोप पोचला नव्हता. मला माहीत होतं. तरी मी ठीक आहे लिहिलं."

आजींनी सुई स्वेटरात खोचली.

"दोन तास मी सिस्टरला शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या. "तिची माफी मागायला हवी. बस खाली. आणि टोपलीत काय आणलंस?"

कॉइलबाईने सांगितलं. सांगताना भिंग उचललं आणि ते तिच्या हातात टकटक वाजलं. आजींनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही. काम जाईल म्हणून."

"शहाणीच आहेस. आण तो चिमटा इकडे."

टेबल पलंगाशी ओढलं. कॉइलबाईने सोल्डरिंग आयर्न, म्हणजे कथलाचा डाग द्यायची कांडी, तापत ठेवलं.

"याला आयर्न म्हणतात? म्हणजे इस्त्रीच की," आजी म्हणाल्या. "हिला बूडच नाही. हिने काय लुगडी करायची?"

ठरलं असं की, कॉइलबाईने आयर्नचा दांडा जाड वहीवर दोन्ही हातांनी दाबून धरायचा आणि आजींनी सर्किटच त्याच्या टोकाशी न्यायचं, जसं कापड शिवणयंत्राच्या सुईखाली सरकवतात तसं.

"आता टेकवा. ओढू नका, आजी. कथील चकाकलं की आपोआप सुटेल."

"चकाकलं."

"उचला."

आजींनी उचललं. शिंक आली असती तर रेझिस्टर जन्मात सापडला नसता. आजींनी तो दुसऱ्या फाट्यावर ठेवला, पहिलं टोक टेकवलं, मग दुसरं. नंतर भिंगातून निरखून म्हणाल्या, "टाका जरा तिरका गेलाय." कॉइलबाईने पाहिलं. तिरका होता, पण पक्का होता.

अँटेना झरोक्याबाहेर उभा बसवला. आडवा ठेवला तर ऑफिसचा डबा त्याला नीट ऐकत नाही, हे तिने करून पाहिलं. मग आजींनी बटण दाबलं. सिस्टर धावत आली, तिला परत पाठवलं. वीस वेळा दाबलं, वीसही वेळा दिवा लागला. शेवटी सिस्टर दारात बसूनच राहिली. आजींनी तिची रीतसर माफी मागितली. कशाबद्दल, ते तिला अजून कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी कॉइलबाईने जुना चाचणीचा कागद काढला, खाडाखोड न करता खाली खरं काय ते लिहिलं, आणि व्यवस्थापकांसमोर ठेवला. हाताचंही सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. ते म्हणाले, "हे तेव्हाच सांगायला हवं होतं, बाई," आणि नंतर जिन्यापर्यंत तिच्यासोबत चालत आले. काम गेलं नाही. शिडीवर चढायचं काम तेवढं दुसऱ्याकडे गेलं, आणि त्याचं तिला आठवडाभर वाईट वाटत राहिलं.

डॉक्टर म्हणाले, थरथर वयाची आहे, घाबरण्यासारखी नाही. गोळीने ती कमी झाली, गेली नाही. पुढे पंपघराजवळच्या दोन खोल्यांतही सिग्नल लटपटत होता, तेव्हा तिने ते डबे सोडवून सरळ टोकाच्या खोलीत नेले. आजींनी चष्मा पुसून ठेवलाच होता.