आंबा थांबत नाही

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांना वाटतं, वय वाढेल तसा माझा राग निवळेल. वाटू दे. मिठातल्या कैऱ्यांसारखा तो मी बरणीत घालून ठेवलाय आणि चांगला मुरू दिलाय.

बाबा शाळेत मास्तर होते. रविवारी चर्चची घंटा वाजवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. रत्नागिरीत आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मोजकी. कुणी एक रविवार दिसलं नाही, की सोमवारी संध्याकाळी बाबा त्याच्या दारात हजर. पिशवीत बायबल आणि खोकल्याच्या गोळ्या. मग अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली आणि बाबा खाटेला खिळले. आता दार आमचं होतं, पण त्यात येऊन उभं राहायला कुणाला सवड नव्हती.

त्या वर्षी ईस्टरच्या आधी त्यांनी एकच मागितलं. सकाळची उपासना झाली की सगळ्यांनी घरी यावं, चर्चच्या पाळकांनी इथेच प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यावा, मग सगळ्यांनी मिळून जेवावं. "एकदा सगळ्यांना एकत्र बघू दे," म्हणाले. पुढचा ईस्टर ते बघणार नाहीत, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आणि बोलावताना मी ते प्रत्येकाच्या कानावर घातलं होतं. सगळे म्हणाले, येतो.

पहाटे उठून मी वड्यांचं पीठ मळलं, कोंबडीची सागोती शिजत टाकली. बाबांना पांढरा सदरा घालून, पाठीशी उशा लावून दाराकडे तोंड करून बसवलं. आणि फोन यायला लागले.

पहिला बागवाल्या काकांचा. पालीच्या बाजूला त्यांची हापूसची कलमं. बाबांचे जुने स्नेही. त्यांचा मुलगा दहावी झाला तो बाबांच्या ओटीवर बसून. "अगो बाय, गडी आजच मिळालेत. आंबा थांबत नाय गो. देव काय, थांबतो." दुसऱ्या एकांची नवी गाडी नेमकी त्याच दिवशी ताब्यात मिळणार होती. तिसऱ्या बाईंकडे नवी सून आलेली, "तिला एकटीला टाकून कशी येऊ?" जणू सुनेला घरात कोंडून या, असं मी म्हटलं होतं! बाकीच्यांनी तर सबब सांगायचीही तसदी घेतली नाही.

पाळक मात्र आले. प्रभुभोजन देऊन घाईने निघाले, कारण देवरूखला एका घरी प्रार्थना होती. त्यांच्यावर माझा राग नाही.

कोण काय म्हणालं ते बाबांनी विचारलं. मी सांगितलं. ते वाकड्या तोंडाने हसले. "एकाचं शेत, एकाचे बैल, एकाची बायको. प्रभूने सांगितलेल्या मेजवानीच्या गोष्टीत बोलावलेल्यांनी हीच कारणं दिली होती. काही बदललं नाही बघ." हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी उजव्या हाताने पुसले. "जा, नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना बोलाव. अन्न वाया जायला नको."

चौघे आले. चर्चच्या आत त्यांच्यातल्या कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं. जेवायच्या आधी एकजण म्हणाला, "मास्तर, तुमची प्रार्थना होऊ दे पयली." आणि चौघेही बाबांची अडखळती प्रार्थना संपेपर्यंत डोळे मिटून बसले. त्यानेच नंतर वड्याचे बारीक तुकडे करून बाबांना भरवले.

मे महिन्यात बाबा गेले. तेव्हा मात्र मंडळी झाडून हजर. पुष्पचक्रं आली, नवी गाडी फणसाच्या सावलीत लागली. शवपेटी उचलायची वेळ झाली तसे बागवाले काका सगळ्यांच्या पुढे झाले आणि त्यांनी कडीला हात घातला.

"काका, राहू दे," मी म्हटलं. "आंबा थांबत नाही."

त्यांनी हात काढला. गाडीवाल्यांना म्हटलं, तुमची गाडी उन्हात येईल, तुम्ही निघा. तिसऱ्या बाई सुनेला घेऊन आधीच मागे सरकल्या होत्या. मग मी त्या चार रिक्षावाल्यांना हाक मारली. माझ्या बापाला त्यांनी खांदा दिला आणि अख्खी मंडळी रिकाम्या हातांनी मागून चालली. काका पोरासारखे रडत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आता काका दर रविवारी सगळ्यांच्या आधी चर्चला येतात. घंटा तेच वाजवतात, भर आंब्याच्या दिवसांतसुद्धा. मी त्यांच्याकडे न बघता आत जाते. प्रभूच्या प्रार्थनेत इतरांना क्षमा करण्याची ओळ आली की मी तोंड मिटते. ते माझ्या मागच्याच बाकावर असतात. त्यांना ते कळतं, आणि कळावं म्हणूनच मी ती जागा सोडत नाही.

गेल्या रविवारी पाळकांनी मला दारात थांबवलं. "ताई, म्हातारा खचलाय हो. अजून किती दिवस? तुमच्या त्या एका शब्दासाठी देव वाट बघतोय."

"बघू दे की," मी म्हटलं. "देव थांबतो."

घंटेची दोरी खुंटीला गुंडाळता गुंडाळता काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.