चिमणीवाले चाचा

चाचांच्या पिशवीत नेहमी दोन सदरे असत. एक दवाखान्यात घालायचा, त्यावर त्यांच्या कुत्रीचे केस नि लाळ. दुसरा धुऊन घडी घातलेला, नमाजाचा. वॉर्डातलं काम आटपलं की मागच्या नळावर हातपाय धुऊन, सदरा बदलून ते मशिदीकडे निघत. दुष्काळाच्या साली नळ कोरडा पडला, तेव्हा हे सगळं त्यांनी एका तांब्याभर पाण्यात बसवलं.

कुत्री चांगली वासराएवढी आणि नाव चिमणी. शेवगावात चाचांचा टांगा होता. घोडा म्हातारा होऊन गेला, तेव्हापासून रोज दुपारी ते चिमणीला घेऊन दवाखान्यात येत. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी काही देतही नव्हतं. कुत्री ओल्या फडक्याने पुसलेली हवी, एवढीच डॉक्टरीणबाईंची अट. प्रत्येक खाटेपाशी थांबून ते विचारत, "पाव्हनी आलीया, बसू द्यायची का?" नको म्हटलं तर राग नाही, पुढची खाट.

मी नकोच म्हटलं होतं. त्याच दुष्काळाच्या साली माझ्या मोठ्या बहिणीचं, आक्काचं, बाळ चौथ्या दिवशी गेलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असे, अन्नाला शिवत नव्हती. ही अशीच राहिली तर हातची जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं होतं. त्यात हे कुत्र्याचं काय थेर, म्हणून मी चाचांना फणकाऱ्याने परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि तितक्याच अदबीने विचारलं. पुन्हा नाही म्हणायचा मला कंटाळा आला, इतकंच.

आक्काचा हात खाटेखाली लोंबत होता. चिमणीने त्याखाली डोकं घातलं आणि बसून राहिली. मी आपली आक्काची समजूत घालायला लागले, तर चाचांनी मला अडवलं. "ताई, आपन बोलून बोलून मानसाला दमवतो. हिला बसू द्या." तासाभराने आक्काची बोटं हलली, चिमणीच्या कानामागे फिरायला लागली.

मग चाचांनी फडक्यातून रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी काढली. अर्धी आक्काच्या हातात दिली, अर्धी चिमणीपुढे ठेवली. चिमणीने तोंड लावलं नाही. "तुमी खाल्ल्याबिगर ती खायची न्हाई," चाचा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मुका जीव आपल्यापायी उपाशी, हे काही आक्काला सोसवेना. तिने एक तुकडा मोडून तोंडात घातला. त्याबरोबर चाचांनी जिभेने हलकेच टक् केलं आणि चिमणी खाऊ लागली. ते टक् मी ऐकलं. आक्काला मात्र कधी सांगितलं नाही.

पुढे रोज असंच चाले. आमचा डबा तसाच परत जाई, ती अर्धी भाकरी तेवढी आक्का संपवायची. आमच्यातली घ्या म्हटलं तर चाचा म्हणत, चिमणीला घरचीच लागते. मी भोळसट, मला ते खरं वाटलं. पंधरवड्याने आक्का आपल्या पायांनी घरी आली. आजही ती माझ्याशी हक्काने भांडते, ते चाचांमुळे. हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पुढल्या सुगीला आम्ही दोघी पिशवीभर ज्वारी घेऊन त्यांच्या घरी गेलो. चाचा नेहमीसारखे दवाखान्यात गेले होते. चाचींनी चहा केला आणि बोलता बोलता दुष्काळाचा विषय निघाला. त्या साली त्यांच्याकडे दिवसाला माणशी एकच भाकरी निघे. चाचा आपली फडक्यात बांधून नेत, तिकडंच खातो म्हणत.

आक्काने कपबशी खाली ठेवली.

"चाची, ती अर्धी मी खात होते, अर्धी चिमणी. त्यांनी कधी एक घासही घेतला नाही."

"ठावं हाय की, पोरी," चाची म्हणाल्या. "रातच्याला माझ्यातली मोडून देत हुते मी. घे, च्या निवंल."