बारीक माणसाचं ब्लड प्रेशर

माझ्या आण्णांना गावानं पळपुटा ठरवलं होतं.

कारण काय, तर ते बारीक होते.

आज आण्णांची, माझ्या वडिलांची पुण्यतिथी. सकाळपासून डोळ्यांपुढे नुसते तरंगतायत, म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

आण्णा वडूजजवळच्या एका कोरड्या गावचे. मेंढरं राखणारं घर. चालून चालून कुणाच्याच अंगावर मांस म्हणून नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात फौजेत भरती झाले आणि थेट इटलीत पोचले.
तिथे डोकं ठणकायला लागलं. नाकातून रक्त यायचं. मग मिलिटरी हॉस्पिटल.

त्या हॉस्पिटलबद्दल आण्णा असं बोलायचे, जणू स्वप्न सांगतायत.

लांब व्हरांडा. पांढरे पडदे वाऱ्यानं फुगून आत येणार, परत बाहेर जाणार. खाली समुद्र.
"उन्हात लकाकायचा गं. मला वाटायचं, आपल्या माळावरचं मृगजळच हाय."

शेजारच्या खाटेवर हेमी नावाचा सैनिक होता. न्यूझीलंडचा माओरी, म्हणजे तिथल्या मूळ लोकांतला. एवढा जाडजूड की कुशीवर वळला की खाट करकरायची.
दुपारी तो हळू आवाजात गायचा. शब्द कळायचे नाहीत, पण आण्णांचा डोळा लागायचा.

एक दिवस मद्रासकडचे कॅप्टन डॉक्टर प्रेशरचा पट्टा घेऊन आले. आधी हेमीच्या दंडाला बांधला, मग आण्णांच्या.
मग परत आण्णांच्या.

"ये इतना मोटा, इसका ठीक है. तू सूखी लकड़ी, तेरा इतना ऊपर कैसे?"



डॉक्टर खाटेवर टेकले. म्हणाले, पुस्तकात लिहिलंय की चरबी वाढली की प्रेशर वाढतं. पण ती पुस्तकं साहेबाच्या मुलखातली माणसं बघून लिहिलेली. या न्यूझीलंडच्या बेटावरच्या माणसाचं अंग वेगळं, आपलं वेगळं. कुणाच्या चरबीचा रक्तावर किती भार पडतो, ते सगळीकडे सारखं नसावं.
"मुझे भी मालूम नहीं," असंही म्हणाले.

औषध असं तेव्हा फारसं नव्हतंच. मीठ बंद करा, आराम करा. आणि फौजेला अनफिट.

निघताना हेमीनं आण्णांच्या खांद्यावर हात ठेवले आणि आपलं कपाळ, नाक त्यांच्या कपाळाला, नाकाला टेकवलं. ती त्यांच्याकडची रीत.
"मी लाजलोच. पर लय बरं वाटलं," आण्णा सांगायचे.

आणि मग गाव.

ना गोळी लागलेली, ना हातपाय तुटलेले, ना ताप. माणूस तर लढाई चालू असताना घरी आलेला.
"रक्ताचा दाब म्हंजी काय रं गड्या? दिसतूय तर धडधाकट."
"असल्या वाळक्या अंगाला कसला दाब! भ्याला आन् आला पळून."

पारावर आण्णा आले की बोलणं थांबायचं. ते मेंढरं घेऊन लांब माळावर जायला लागले.

भरतीआधी त्यांची सोयरीक ठरलेली होती. मुलगी पलूसकडची. म्हणजे माझी आई.
तिच्या वडिलांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, पळपुट्याला पोरगी देणार नाही.

आई तेव्हा जेमतेम सतरा-अठराची. चुलीपुढूनच बोलली,
"आबा, त्यास्नी सांगलीला डाक्तरकडं न्या. खरंखोटं कळू द्या की."

नेलं.

आबा, म्हणजे माझे आजोबा, अंगानं भरदार. उसाचं रान, दुधातुपाचं खाणं. डॉक्टरांना म्हणाले, "आवं, आदी मला बांदा त्यो पट्टा."
बांधला. आबांचं प्रेशर एकदम छान.
मग आण्णांचा दंड. सांगलीच्या डॉक्टरांनीही दोनदा बघितलं आणि मान हलवली. फौजेनं उगीच सोडलेलं नाही, म्हणाले.

आण्णा खरे ठरले.

आणि तिथेच सगळं अवघड झालं.

आबा घरी आले आणि आईला म्हणाले, "पोरगा पळपुटा न्हाई. पर आजारी हाय गं. डाक्तर म्हंतोय, कवा काय हुईल सांगता येत न्हाई. कशी दिऊ तुला?"

आई म्हणाली, "पळून आलं असतं, तर मीच न्हाई म्हणले असते. आजार काय, लग्नानंतरबी झाला असता."

लग्न झालं. आबांनी लग्नाला आलेल्या प्रत्येकाला सांगलीची गोष्ट ऐकवली. वडूजकडच्यांना तर दोनदोनदा.

आईनं आयुष्यभर आण्णांसाठी अळणी कालवण वेगळं काढलं. पुढे गोळ्या निघाल्या, त्या ती स्वतः हातावर द्यायची.
ज्यांच्या जगण्याचा भरवसा नव्हता, ते आण्णा माझं लग्न बघून गेले.

मीही बारीक. माझंही प्रेशर हाय. मेडिकलवाला परवा म्हणाला, "काकू, तुमाला कसलं बीपी?"
माझी डॉक्टर मात्र कंबरेला टेप लावते. म्हणते, आपल्याकडच्या बारीक माणसांच्याही पोटात, आतल्या आत चरबी साठते, वरून दिसत नाही. एकाच वजनाच्या दोन मुलखांतल्या माणसांचं प्रेशर सारखं असेलच असं नाही.
मी ऐकते, आणि मला ते पांढरे पडदे फुगताना दिसतात.

तुम्ही कितीही बारीक असा. एकदा चेक करून घ्या. प्लीज.

आण्णा गेले ते भर दुपारी, बांधावरच्या बाभळीखाली. जेवून आडवे झाले होते. आई शेजारी शेंगा निवडत होती.
तिला वाटलं, डोळा लागलाय.
म्हणून ती हळू आवाजात बोलत राहिली. शेळी व्यालीय, पोरीचं पत्र आलं न्हाई, आभाळ आलंय जरा.
बराच वेळ.

आण्णा, तुमच्या लेकीचा नमस्कार.