कुंताच्या रोवणीचे आठ दिवस

एसटी चुकली म्हणून आम्ही तालुक्याच्या मूल गावाहून पायीच घरी निघालो. अर्धी वाट सरली तरी कुंता माझ्या दोन पावलं पुढेच. चपला हातात, कॉलेजची पिशवी पोटाशी धरलेली. १९९७ सालचा श्रावण होता. मी सोमवारच्या पूजेचं सामान आणायला गेले होते.

कुंताचे वडील गावतलावात मासे धरत, जोडीला धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी शेतं. बारावी आम्ही एका बाकावर बसून केली. तिला माझ्याहून अकराच गुण जास्त. ती बी.ए.ला गेली, मला बाबांनी घरी ठेवलं. ती पिशवी दिसली की माझा जीव जळायचा.

"कॉलेजातला बाबू हजेरीचं काय म्हणाला?" मी शेवटी विचारलंच.

"पहिलं सत्र दिवाळीपर्यंत, दुसरं दिवाळीनंतर. दोन्हीची पाऊण हजेरी अलग अलग लागते. आणखी चार-पाच दिवस बुडाले तर उन्हाळी परीक्षेले बसू देत नाई."

"मग इतके दिवस बुडवले काऊन?"

"मले वाटलं, रोवणीत बुडाले ते दिवाळीनंतर भरून काढीन."

धानाच्या रोवणीत, म्हणजे लावणीत, आमच्याकडे तशीच रीत. तू माझ्या बांधीत चार दिवस रोव, मी तुझ्या बांधीत चार दिवस धान कापून देईन. विद्यापीठातही तसंच चालत असेल, असं तिनं धरलं होतं.

"विद्यापीठ काय तुझ्या मामाची बांधी हाये?" मी म्हटलं. ती हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली.

खरं सांगते, मला आतून बरं वाटलं. माझ्या पिशवीत महादेवाचा नारळ होता आणि मनात हे. आता हीसुद्धा माझ्यासारखीच घरी बसेल, असं मनात येत होतं. मी नारळाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

नाल्याजवळ ती थांबली. पलीकडच्या बांधीत बाया पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या.

"मायची कंबर धरली हाये. बायांनी आमची बांधी रोवून देली. आता त्यांच्याकडे माझे आठ दिवस रोवाचे राह्यले. नाई गेली तर पुढच्या साली आमच्या बांधीत कोणी पाय ठेवत नाई."

मी नाला ओलांडायला चपला काढल्या.

"रोवणीत तुझा हात माझ्याहून चालते," ती खाली बघत म्हणाली. "ते आठ दिवस माझ्या जागी तू रोवशीन काय, बाई? मी कॉलेजात जातो."