बदललेल्या खाटा

आई गेली ती तिच्या थकलेल्या हृदयामुळे. नर्सिंग होममध्ये झालेल्या चुकीमुळे नाही. हे आधीच सांगते, कारण भेटायला येणारे अजूनही या दोन गोष्टी एकत्र बांधतात आणि मला ते मान्य नाही.

चूक अशी झाली. पनवेलच्या त्या लहानशा नर्सिंग होममध्ये आईच्या शेजारी उरणकडची एक आजी होती, मधुमेहाची. एसीचा झोत थेट तिच्या अंगावर यायचा. एका सकाळी ती आईला म्हणाली, "मना ह्यो वारा सोसत नाय गो."

"मग इकडे ये. मला उकडतंच आहे," आई म्हणाली.

दोघींनी उशा, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या उचलल्या आणि खाटा बदलल्या. एसटीत आपण जागा बदलतो तितक्या सहज. मी खुर्चीत वाचत बसले होते. त्यात कुणाला काही सांगण्यासारखं आहे, असं आमच्यापैकी एकीलाही वाटलं नाही.

जेवणाआधी नुकतीच ड्युटीवर आलेली सिस्टर आत आली. तिच्या डोक्यात खाटेचा नंबर होता, आणि वॉर्डातली प्रत्येक म्हातारी तिची आजीच. "आजी, इंजेक्शन घ्यायचं ना?"

"दे गं बाई," आई म्हणाली. दवाखान्यात कुणाला नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही.

जेवणाची ताटं आली तशी शेजारची आजी हसत म्हणाली, "आज मना टोचायला इसरलीस काय गो? का म्हातारीचा आजार बरा झाला?"

सिस्टरने हातातला ट्रे खाली ठेवला. दोन्ही खाटांकडे पाहिलं आणि धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, "सर, इन्सुलिन चुकीच्या पेशंटला दिलंय. मी दिलंय." आईला तोवर घाम फुटला होता, शब्द अडखळत होते. लगेच ग्लुकोज लावलं. संध्याकाळी ती चहा मागत होती. काही दिवसांनी घरी आली, आणि पुढे घरीच, झोपेत गेली.

तेरावं झाल्यावर डॉक्टरांनी मला बोलावलं. नर्सिंग होम त्यांचंच. पेपरवेट फिरवत म्हणाले, "मॅडम, त्या सिस्टरला आम्ही काढतोय. तुमच्या समाधानासाठी."

"माझं समाधान कशात आहे, ते मला विचारा की. तिला काढण्यात नाही."

"आई तुमची होती, आणि वकिली तुम्ही त्या सिस्टरची करताय?"

"त्या दुपारी ती गप्प बसली असती तर?"

घरून निघताना मला भीती होती की केबिनमध्ये रडू येईल. आलं नाही. मी म्हटलं, "ती बोलली म्हणून आई घरी आली. आता तिला काढलंत, तर बाकीच्या सिस्टर काय शिकतील? चुकलं की तोंड उघडायचं नाही. आणि पुढच्या म्हातारीला घाम का फुटलाय, ते तुम्हाला कळणारही नाही."

डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. करंजाड्याला मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारी, विशीतली मुलगी. हात ओढणीत गुंडाळून ती उभी राहिली. "नेमकं कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. फक्त झापलं होतं. तिने खाटांचं सांगितलं, आणि दोघींनी त्या माझ्यासमोरच बदलल्या होत्या, हे मीही तेव्हाच सांगितलं.

"मनगटाला नावाची पट्टी बांधायची," डॉक्टर म्हणाले. "आणि पेशंटलाच नाव सांगायला लावायचं. दर वेळी."

"आज्या चिडतात, सर. म्हणतात, रोज येतेस नि नाव काय विचारतेस?"

"चिडू देत. तुम्ही उद्यापासून ड्युटीवर या."

ती हलली नाही. "आणि परत चुकले तर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मदतीला गेले नाही. हे उत्तर त्यांनीच द्यायला हवं होतं.

"मला येऊन सांगायचं," ते म्हणाले. "लगेच. मी ओरडलो तरी सांगायचं."

"तुम्ही ओरडताच, सर," ती म्हणाली. मग ओठ चावला.

डॉक्टर हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "मग ते मला बंद करावं लागेल," ते म्हणाले.